अमारीचं मत

"बेनिंग रोडवरचा कॅमेरा आता कोणाच्या बापाला काढता येणार नाही," निशेलने जाहीर केलं. "मी प्रतिनिधी झालेय."

कर्टिस कोंबडीचे पंख मम्बो सॉसमध्ये बुडवत होता. "अगं, बिनखुर्चीची," तिचा नवरा म्हणाला.

ते खरंच होतं. वॉशिंग्टन शहर असा एक प्रतिनिधी मोठ्या हौसेने निवडतं आणि त्याला सभागृहात ना खुर्ची, ना मत, ना पगार. शहराला राज्याचा दर्जा द्या म्हणून दारोदार ओरडायचं, एवढंच काम. पण बेनिंग रोडवर लेकाच्या पाळणाघरासमोर शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या गाड्या अशा सुटायच्या, की रस्ता ओलांडताना निशेलचा जीव मुठीत. वेग टिपून दंड लावणारा कॅमेरा बसला तेव्हा कुठे त्या माणसात आल्या. आणि आता, शहराचे कायदे संसदेच्या हातात म्हणून, हजार मैलांवरचा कुणी खासदार शहरातले सगळे कॅमेरे काढायला निघाला होता. ज्याने हा रस्ता पाहिलाही नाही, तो त्याचा निकाल लावणार! निशेलचं रक्त उकळत होतं. त्या उकळीवरच तर ती निवडून आली होती.

कॅमेरे काढायच्या ठरावाच्या दिवशी आपल्या दोन वर्षांच्या अमारीला काखेत मारून ती संसदेच्या इमारतीवर, कॅपिटॉलवर धडकली. अमारीला सध्या एकच शब्द येई. दूध? नाही. झोप? नाही.

दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने प्रेक्षक गॅलरीचा पास मागितला. पास आपापल्या प्रतिनिधीकडून आणायचा असतो.

"मीच प्रतिनिधी आहे."

"मग स्वतःकडे मागून बघ, पोरी."

शहराला आणखी एक प्रतिनिधी आहे, खुर्ची असलेला पण मत नसलेला. त्याच्याकडचे पास संपले होते. शेवटी पास मिळाला तो नेमका त्या कॅमेरावाल्या खासदाराच्या कचेरीत. त्याच्या गावाहून इतक्या लांब येतंय कोण? तिथल्या हसऱ्या मुलीने अमारीच्या छातीवर त्या राज्याचा बिल्लाही लावला. निशेलने दातओठ खात आभार मानले.

गॅलरीतून पाहते तर खाली निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एवढ्या पडून आहेत, आणि आपल्याला एक देववत नाही! ठरावाच्या बाजूने 'हो'चा गडगडाट झाला. मग अध्यक्षांनी विरोधकांना विचारलं आणि नेमकी तेव्हाच निशेलने अमारीपुढे दुधाची बाटली धरली.

"नाही!"

सभागृहभर माना वर वळल्या. तिने घाबरून बाटली पुन्हा पुढे केली. "नाही! नाही!" अध्यक्षांचा हातोडा आपटला, आणि मायलेकरांची रवानगी दाराबाहेर झाली. तिथे म्हाताऱ्याने नाव-पत्ता लिहून घेतला.

"त्याचं 'नाही' मोजलं का?" निशेल कडाडली.

"छे."

"लहान आहे म्हणून?"

"नाही गं. नुसता परराज्याचा बिल्ला दिसत होता, तोवर मला जरा आशा होती. पण तू पत्ता बेनिंग रोडचा दिलास." त्याने वही मिटली. "माझाही तिथलाच आहे."

ठराव मंजूर झाला. निशेल पाळणाघरासमोर परतली, तर गाड्या आताच सुसाट वाटत होत्या.

"कडेवर येतोस?" तिने अमारीला विचारलं.

"नाही."

निशेलनेही ते मोजलं नाही. त्याला उचललं आणि रस्ता ओलांडला.