मान्यवरांचं स्वागत

आमच्या कृष्णाकाठ उद्योजक मंडळाचा ‘वाढते उद्योग’ पुरस्कार सोहळा सुरू होऊन तीन वर्षं झाली, तरी मान्यवरांचं स्वागत संपलेलं नव्हतं.

पद्धत साधी होती. मंचावरच्या प्रत्येक मान्यवराचं स्वागत कोणाच्या तरी हस्ते व्हायचं. ज्याच्या हस्ते व्हायचं तो शाल-नारळ घेऊन मंचावर यायचा. मंचावर आलेल्या माणसाला तसंच खाली पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून त्याला खुर्ची द्यायचे. खुर्ची मिळाली की तो मान्यवर. मग त्याचं स्वागत. मंच दोनदा पुढे वाढवला, त्यात प्रेक्षकांच्या चार रांगा गेल्या. त्या रांगांमधले उद्योजक निमूटपणे मागे सरकले.

मी खुर्च्यांच्या पायांना लावायची रबरी बुचं बनवते. मंचावर नवी खुर्ची ओढली की जो कर्कश आवाज होतो तो माझ्या बुचांनी होत नाही. मंडळाच्या एकाही खुर्चीला बूच नव्हतं. तो आवाज मी तीन वर्षं ऐकला.

माझं नाव मुक्ता खराडे. लघुउद्योग गटात माझं नामांकन होतं. विजेत्याला औद्योगिक वसाहतीत प्लॉट मिळणार होता आणि मला तो हवाच होता. माझी शेड भाड्याची. मालक झांबरे यांना तिथे मंगल कार्यालय काढायचं होतं. प्लॉट नाही मिळाला तर माझे बुचं घडवायचे प्रेस आणि त्यांवर काम करणाऱ्या अकरा बायका रस्त्यावर, एवढा सरळ हिशोब.

नामांकित उद्योजकाने जागा सोडली की तो गैरहजर, आणि गैरहजराचं नाव बाद. फक्त टाळ्या चालू असताना बाहेर जाऊन यायची मुभा होती. त्यामुळे आम्ही एकमेकांसाठी टाळ्या वाजवायचो. माझ्या भाच्याच्या बारशाला मी गेले, तेव्हा सभागृहाने दुपारभर टाळ्या वाजवल्या. मंचावरच्यांना वाटलं, भाषण रंगलंय. त्यांनी ते पुन्हा केलं.

माझ्या डाव्या हाताला गाडेकर बसायचे, बिस्किटवाले. त्यांचा कारखाना पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला होता.

“मग बसलाय कशाला?” मी विचारलं होतं.

“वाढत्या उद्योगात नाव आहे माझं,” ते म्हणाले. “असं कसं उठू?”

उजव्या हाताला माझे वडील, आप्पा. ते सोबत म्हणून आले होते आणि मजेत होते. चहा वेळेवर यायचा, शेजारी गप्पांना माणसं होती. मी घड्याळ बघितलं की ते माझ्या मनगटावर हात ठेवायचे.

“मोठी माणसं आहेत, मुक्ता. त्यांचा मान आधी.”

“आप्पा, पुरस्कार आमचा आहे.”

“तू अजून लहान आहेस. तुला कळायचं नाही.”

मी एकोणतीस वर्षांची होते. आत आले तेव्हा सव्वीसची होते.

एकदा मी मंडळाच्या अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली की आधी पुरस्कार द्या, स्वागत नंतर करा. अध्यक्षांनी ती माइकवर वाचली. “तरुण पिढीचा हा उत्साह बघून आनंद वाटतो,” असं म्हणाले आणि चिठ्ठी पोहोचवणाऱ्या गृहस्थांना मंचावर खुर्ची दिली.

बसलं की उठायचं कधी, उठलं की बसायचं कधी, हे सगळं निवेदक हेमाडे सर सांगायचे. पहिल्या वर्षी दीपप्रज्वलनासाठी सगळे मान्यवर उभे राहिले आणि हेमाडे सर चहाला गेले. तिथे त्यांना जुना मित्र भेटला. ते दुसऱ्या दिवशी परत येऊन “आपण आसनस्थ व्हावं” म्हणेपर्यंत मान्यवर उभेच होते. आपणहून बसणं त्यांच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

मग एके दिवशी सकाळी हेमाडे सरांनी आप्पांचं नाव पुकारलं. स्वागत करायला खाली साठीच्या पुढचं दुसरं कोणी उरलं नव्हतं. आप्पांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता वर गेले. त्यांनी एका निवृत्त साहेबांना नारळ दिला. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. आप्पा बसले. पायावर पाय टाकून बसले. घरी मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात रुक्सानाताईंचा फोन आला. माझ्या शेडवर त्या सगळ्यात जुन्या.

“झांबरे टेम्पो घेऊन आलाय,” त्या म्हणाल्या. “प्रेस उचलून बाहेर ठेवतोय.”

“करार संपायला वेळ आहे अजून.”

“ते त्याला सांगितलं. म्हणतो, तुमची मालकीण तीन वर्षं खुर्चीतून उठली नाही, ती आता काय उठणार? तू येतेस का बसतेस, तेवढं सांग.”

मी उत्तर द्यायच्या आत माइकवर माझं नाव आलं.

“आणि आता एक हृद्य क्षण,” हेमाडे सर म्हणाले. “कन्येच्या हस्ते पित्याचं स्वागत! युवा उद्योजिका मुक्ता खराडे यांनी मंचावर यावं.”

मंचावर आप्पांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ओढली गेली. ती माझी होती. तीत बसले की मी मान्यवर, आणि मान्यवरांना पुरस्कार घेता येत नाही, ते फक्त देऊ शकतात.

गाडेकर हळूच म्हणाले, “जा. तिकडे पंखा आहे.”

मी वर गेले. शाल दिली, नारळ दिला. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठ न हलवता म्हणाले, “बस आता. नशीब काढलंस.”

“आप्पा, शेड रिकामी करतायत.”

“कार्यक्रमात असले विषय काढू नये.”

हेमाडे सरांनी माइक पुढे केला. “दोन शब्द.”

कार्यक्रम कशाने संपतो हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. राष्ट्रगीत झालं की कार्यक्रम संपला. त्यानंतर कोणी बोलत नाही, कोणी नारळ देत नाही, चपला शोधतात. पण ते आभारप्रदर्शनानंतर असतं, आभार पुरस्कारांनंतर, पुरस्कार स्वागतानंतर. म्हणून कोणी सुरू केलं नव्हतं. मीही केलं नव्हतं. ट्रॉफ्या झाकून ठेवलेल्या टेबलाकडे मी एकदा बघितलं. मग सावधान उभी राहिले आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

सगळं सभागृह उठलं. मान्यवर उठले, पंखा लावणारा उठला. गाडेकर सगळ्यात मोठ्याने गात होते आणि त्यांचे गाल ओले होते. गीत संपलं. हेमाडे सरांनी सवयीने माइक बंद केला, वायर गुंडाळली आणि ते घरी गेले. मागोमाग सगळे उद्योजक गेले. पुरस्कार कोणालाच मिळाला नाही. म्हणजे मलाही नाही.

मी शेडवर पोहोचले तेव्हा प्रेस रस्त्याच्या कडेला होते आणि त्यांच्यावर रुक्सानाताई बसल्या होत्या.

“मिळाला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग आता?”

झांबरेचा टेम्पो रिकामाच उभा होता. मी तो भाड्याने घेतला आणि प्रेस सभागृहात आणले. व्यवस्थापकाने करार काढून वाचला. “मंचावर एक जरी मान्यवर असेल तोवर हॉल मंडळाच्या नावावर आहे,” तो म्हणाला. “खाली कोण काय करतं, हे यात लिहिलेलं नाही.”

मंचावर सगळे होते. राष्ट्रगीताला उभे राहिले होते ते तसेच. आसनस्थ व्हा असं सांगायला हेमाडे सर नव्हते.

आता प्रेक्षकांच्या जागेत माझे प्रेस चालतात. जागा मंडळाची, विजेचं बिलही मंडळाचं. आणखी आठ बायका कामाला घेतल्या. गाडेकर हिशोब बघतात. त्यांना बसायची सवय आहे.

डबा मी आप्पांना वर नेऊन देते. ते उभ्याने जेवतात. शाल अजून खांद्यावर आहे. परवा त्यांनी अध्यक्षांकडे एकदा बघून मला जवळ बोलावलं.

“मुक्ता,” ते कुजबुजले, “पाय भरून आलेत गं सगळ्यांचे. माइक तिथेच आहे. तू म्हण ना, बसा म्हणून.”

मी डब्याचं झाकण लावलं.

“मी अजून लहान आहे, आप्पा,” मी म्हटलं. “मोठ्या माणसांना मी कसं सांगणार?”

आणि खाली येऊन प्रेस चालू केला.