जोगदंड अण्णांच्या दोन खुर्च्या

आमच्या चिकलठाण्याच्या कॉलनीत बैठक असली की जोगदंड अण्णांना दोन खुर्च्या लागतात. पहिलीवर बसून ते विषयाच्या बाजूने बोलतात, मग उठून दुसरीवर बसतात आणि स्वतःलाच खोडून काढतात. चिटणीस मी. त्यामुळे माझ्या वहीत ‘अनुकूल : जोगदंड. प्रतिकूल : जोगदंड’ अशा नोंदी आहेत.

अण्णा कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यापासून धूर दिसला की तिसऱ्या मजल्यावरून हाक येते, “कोण पेटवायलंय ते? विझवा आधी.”

मैदानात रोज सकाळी कडुनिंबाचा पाला जाळत. ते बंद करा, हा विषय त्यांचाच.

पहिल्या खुर्चीवरून म्हणाले, “लेकरं खोकायलेत, म्हातारे खोकायलेत. धूर थांबला की छाती मोकळी. फायदा लई हाये.”

मग दुसरी खुर्ची. आवाज मऊ. “फायदा कबूल. पण पाला खताच्या खड्ड्यापर्यंत नेणार कोण? झाडणारी कडूबाई. तिची कंबर गेलीय. एकाच्या छातीसाठी दुसरीची कंबर मोडायची व्हय?”

“अण्णा, तुम्ही नेमके कुणाकडून?” कुलकर्णी सर वैतागले.

“दोन्हीकडून. लिहा, मॅडम.”

निर्णय लांबला. सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. खिडक्या बंद. जोगदंड काकू कॉटवर बसलेल्या, उशाशी दम्याचा पंप. दोन शब्द बोलून थांबत होत्या. जिना उतरून त्यांना तीन वर्षं झाली होती.

“अहो, माझं म्हणणं... नीट मांडलं ना?” त्यांनी अण्णांना विचारलं.

“मांडलं. कडूबाईच्या कमरेसकट.”

मी सही घेतली आणि खाली आले.

पुढच्या बैठकीत अण्णा पहिल्या खुर्चीवरून म्हणाले, “पाला मी नेतो. हातगाडी आणलीय.”

“आता दुसरी खुर्ची काय म्हणते?” सर हसत म्हणाले.

अण्णा उठून तिथं बसले. “ती म्हणते, तुमच्या गुडघ्यांचं काय?”

पुन्हा पहिलीवर आले. “ते मी बघून घेतो.”

ठराव मंजूर झाला. अण्णांनी हिवाळाभर हातगाडी ओढली, लंगडत.

मार्चच्या बैठकीला काकू आल्या. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, पण आल्या. सरळ दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. अण्णा पहिलीवर. त्या दिवशी ते पहिलीवरून उठलेच नाहीत; काकूंकडे बघत राहिले.

घरी येऊन मी जुनी वही काढली आणि ‘प्रतिकूल’पुढचं नाव दुरुस्त केलं : सौ. जोगदंड.