गुलाबाच्या आकाराचे बारा साबण

साबणाचं भांडं घासायला दुसरा साबण लागला, असं तुमच्या घरी कधी झालंय का? माझ्या घरी झालं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण शंका यायला जी हुशारी लागते, ती मी त्या दिवशी सगळी गुलाबाच्या पाकळ्यांवर खर्च केली होती.

झालं असं, की मोठ्या नणंदबाई चार दिवसांसाठी येणार होत्या. ताई मनाने फार चांगल्या, फक्त कौतुक करणं त्यांना जमत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी 'बरंय'च्या वर मार्क दिलेले नाहीत. (स्वतःच्या भावालाही त्या 'बराय' एवढंच म्हणतात, हे कळल्यावर मला जरा धीर आला.) या खेपेला त्यांच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचंच, असा मी निश्चय केला आणि घरी शोभेचे साबण करायला घेतले.

दुकानातून साबणाची पांढरी लादी आणली. शेजारीच मेणाची पांढरी लादी दिसली, तीही आणली. म्हटलं, साबणांबरोबर चार मेणबत्त्याही होऊन जातील. घरी आल्यावर दोन्हींचे कागद काढून टाकले आणि लाद्या एकसारख्या दोन डब्यांत नीट ठेवल्या. (नीटनेटकेपणा हा माझा मोठा गुण. तो मला नेहमी असाच नडतो.)

एक लादी वितळवून बारा गुलाब केले, दुसरीच्या सहा मेणबत्त्या. गुलाबांचा रंग काही केल्या मिसळेना, त्याचे ठिपके ठिपके झाले.

"गुलाबाला गोवर आलाय का गं?" ह्यांनी विचारलं.

"डिझाइन आहे ते!"

गुलाबांचं भांडं घासून घासून माझे हात दुखले. शेवटी ह्यांनी ते सुरीने खरवडलं. मेणबत्त्यांचं भांडं मात्र नुसत्या पाण्याने फसाफसा फेसाळलं आणि लख्ख झालं. मी म्हटलं, मेण अगदी उंची दिसतंय!

दहा गुलाब मी बिल्डिंगमध्ये वाटले. "इतका सुंदर आहे, वापरवतच नाही हो," असं जो तो म्हणाला. माझं नाव झालं. उरलेले दोन मी ताईंसाठी बाथरूममध्ये मांडले आणि घरातल्यांना हात लावायची बंदी केली.

ताई आल्या, बॅग ठेवली आणि आंघोळीला गेल्या. मी दाराबाहेर कान देऊन उभी. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

"वहिनी, ह्याला फेस कधी येतो गं?"

"घरचा आहे ना ताई, हळूहळू येतो."

"किती हळू? मला चार दिवसांनी परत जायचंय!"

चाळीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या. पुसूनही हातांवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे होते.

"ताई, काय चकाकतेयस!" हे म्हणाले. "नवीन गाडीच जणू."

"तू गप्प बस. वहिनी, हे अंग धुवायचं आहे की पॉलिश करायचं?"

माझा चेहरा पडला. मी तशीच समोरच्या शिक्षिकाबाईंकडे गेले. म्हटलं, "खरं सांगा, माझा साबण कसा आहे?"

"अहो, रोज वापरते! काय तो फेस!"

त्यांच्या मागे, काचेच्या कपाटात, माझा गुलाब एकही पाकळी न झिजता बसला होता. पण माणसाला हवं तेवढंच दिसतं. मी घरी येऊन ह्यांच्या कानात सांगितलं, "साबण उत्तम आहे. ताईंनाच लावता येत नाही."

संध्याकाळी ताईंचा रुसवा काढावा म्हणून ह्यांनी जेवणाच्या टेबलावर माझ्या मेणबत्त्या लावल्या. लावल्या म्हणजे, काड्यांची अर्धी पेटी संपवली. पहिली तडतडली आणि विझली. दुसरीने नुसता धूर काढला. तिसरीवर बुडबुडे आले.

ताईंनी चष्मा लावला. मेणबत्तीचा वास घेतला. मग ती घेऊन बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडला. बघता बघता कोपरापर्यंत पांढराशुभ्र फेस! सकाळपासून अंगावर चढलेलं पॉलिश उतरू लागलं.

माझ्या डोळ्यांसमोर दहा घरांतले दहा गुलाब फिरले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. (पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी फार तर खालच्यांच्या स्वयंपाकघरात पडले असते.)

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले. "डब्यांची अदलाबदल झाली."

ताईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ओले हात नाकाशी नेऊन म्हणाल्या, "काही म्हण वहिनी, मेणबत्ती मात्र छान झालीय."

चोवीस वर्षांनी 'छान'!

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वात धरून मेणबत्ती घेऊन आंघोळीला गेल्या, आणि ह्यांनी माझा गुलाब कपाटाच्या अडकणाऱ्या ड्रॉवरला घासला. ड्रॉवर आता छान सरकतो.