हेतरामभाऊ आणि झोपेतली टीम

आमच्या गावच्या कबड्डी टीमची निवड दुपारच्या जेवणानंतर, हेतरामभाऊ घोरत असताना होत असे.

बाकीच्या गावांतले मॅनेजर मैदानात उभे राहतात, कुणाच्या मांडीत किती जोर आहे ते जोखतात, ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. आमचे मॅनेजर समाजमंदिराच्या ओट्यावर दुपट्टा उशाला घेऊन आडवे व्हायचे. पोट्टे आजूबाजूला चूप बसून राहायचे. मग केव्हातरी भाऊ उठायचे, डोळे चोळायचे आणि निकाल द्यायचे.

"सोविंदा उद्या बाहेर."

"काऊन जी? माह्या पायाले का झाला?"

"मले का मालूम? सपनात तू दिसलाच नाहीस. मी नाही म्हनत गा, सपन म्हनतो."

यावर अपील नव्हतं. माणसाशी भांडता येतं, स्वप्नाशी कोण भांडणार? सोविंदा दिवसभर फुगून बसायचा, पण हेतरामभाऊंवर त्याचा राग नसायचा. उलट दुसऱ्या दिवशी तोच त्यांना विचारायचा, "आज मी आलो होतो का जी सपनात?"

माझं खत-बियाण्यांचं दुकान समाजमंदिरासमोर. गावातला पहिला फोन माझ्याकडे आला, एवढ्याच भांडवलावर मी क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी झालो होतो. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हेतरामभाऊंची स्वप्नं मी फुकट ऐकली आहेत, आणि त्यापायी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली आहेत.

"काल बांधावर मॅच होती, शेठ. पान्यावर," भाऊ युरियाच्या पोत्यावर बसून सुरू करायचे. आवाज हळू, डोळे अर्धे मिटलेले. बांध म्हणजे आमच्या गावालगतचा तलाव. "चुन्याच्या रेघा पान्यावर मारल्या होत्या, अना त्या हालत नव्हत्या. सारसाची जोडी पंच. डोमा चढाईले गेला. पाय टाकला का पान्यात गोल उठे, पाय उचलला का गोल मिटून जाय. समोरचे सात जन पाहातच राहिले. त्याले कोनी धरलाच नाही. धुकं आला, अना डोमा धुक्यातून परत येऊन राहिला..."

"मग?"

"मग का? मासी बसली नाकावर."

ऐन वैशाखात, बाहेर फुफाटा उडत असताना, हे ऐकून मला अंगावर गार वाटायचं. वजनकाट्यावर धानाचं बियाणं तसंच राहायचं आणि गिऱ्हाईकही पुढे काय झालं म्हणून उभं असायचं.

आता स्वप्नं इतकी सुंदर म्हटल्यावर टीम जिंकत असेल असं कुणालाही वाटेल. टीम हरायची. मंडईमागून मंडई हरायची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाळणे लागतात, रात्री दंडारीचं नाटक रंगतं, आणि दिवसा धानाची कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, ढालीसाठी कबड्डीचे सामने होतात. एके काळी या सगळ्या भागात आमच्या गावाचा दरारा होता, आणि तो एकट्या डोमामुळे होता.

डोमा चढाईला जायचा तो काहीतरी हरवलेलं शोधायला निघाल्यासारखा. मांडीवर थाप नाही, आरोळी नाही. खाली बघत हळूच जायचा, इकडेतिकडे दोन पावलं टाकायचा आणि परत यायचा. तो मध्यरेषा ओलांडून आला की लक्षात यायचं की समोरचे तिघे बाद झालेत. आता मात्र त्याने चाळिशी ओलांडली होती. त्याचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. सामन्यात जरा शांतता झाली की कटकट आवाज प्रेक्षकांतही ऐकू यायचा, आणि समोरच्या टीमला तो कुठून येतोय ते डोळे मिटूनही समजायचं.

डोमा आणि हेतरामभाऊ शेजारी. भाऊंची बायको फार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. डोमाने लग्नच केलं नाही. आईबाप लहानपणी गेले, पुढे कुणी त्याचं जमवायला बसलं नाही. डोमा बांधातून मासोळी आणायचा, हेतरामभाऊ भात टाकायचे, आणि दोघे एका चुलीवर जेवायचे. बोलायचे काही नाहीत. एकदा मी सहज डोकावलो तर दोघे भिंतीला टेकून बसले होते, एकाचे डोळे उघडे, एकाचे मिटलेले. कोण कुणाची राखण करतोय ते कळत नव्हतं.

आणि एका पोळ्याच्या सुमारास उमरटोल्याचे लोक माझ्या दुकानात येऊन बसले.

उमरटोला बांधाच्या पलीकडे. त्यांना डोमा हवा होता. आता कबड्डीत आमच्या भागाचा एक नियम आहे. गावच्या टीममधून गावचा रहिवासी खेळेल, गावचा जावई खेळेल, किंवा गावचा भाचा खेळेल. बाकी कुणी नाही. त्यामुळे खेळाडू आणायचा तर सोयरीक करावी लागते. उमरटोल्यात यमुना नावाची एक बाई होती, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. म्हातारा बाप, धानाची चांगली बांधी, आणि घरात पुरुषाचा हात नाही. डोमाने तिच्याशी पाट लावावा, घरजावई म्हणून उमरटोल्यात राहावं आणि त्यांच्या टीमचं कप्तानपद घ्यावं. बदल्यात उमरटोल्याचे दोन तरणेबांड सख्खे भाऊ, भोजू आणि तेजू, आमच्याकडून खेळतील. त्यांची आई आमच्या गावची, म्हणजे नियमाप्रमाणे ते आमचे भाचे.

त्या दिवसापासून गावात दोन पार्ट्या पडल्या. सोविंदाची पार्टी म्हणे, "फुटक्या गुडघ्याचे दोन धडके गुडघे भेटून राहिले, अजून का पायजे?" म्हाताऱ्यांची पार्टी म्हणे, "डोमा गेला तं या गावाले वळखन कोन? मंडईले काय तोंड दाखवसाल?" समाजमंदिरात बैठका झाल्या, एका बैठकीत चपला हातात आल्या. डोमाला कुणी विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "भाऊ म्हनतील तसा." पण यमुनाबाईचं नाव निघालं की तो उगाच गुडघा चोळायला लागे, दुखत नसला तरी. मागच्या मंडईला तिने त्याला अनरसे खाऊ घातले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

शेवटी सगळे हेतरामभाऊंकडे वळले. सपन काय म्हणतं?

आणि जन्मात पहिल्यांदा भाऊंना स्वप्न पडेना. ओट्यावर झोपले, पडेना. माझ्या दुकानात पोत्यांवर झोपले, पडेना. बांधाच्या पाळीवर मोहाखाली झोपले, तर मुंग्यांनी उठवलं. पोट्टे त्यांच्यामागे दबक्या पावलांनी फिरत होते. कुणीतरी आपल्या बायकोला सांगून त्यांना दुपारी भरपेट वडे-भात खाऊ घातला. भाऊ ढेकर देऊन उठले आणि म्हणाले, "नुसता काराकुट अंधार होता गा."

मग एके दिवशी ते उठून बसले. डोळे चोळले नाहीत. "डोमाले जाऊ द्या," म्हणाले. "सपनात तो उमरटोल्याकडून खेळत होता, अना आपले भाचे ढाल उचलून राहिले होते."

निकाल लागला. म्हाताऱ्यांनीही मान डोलवली. डोमा भाऊंजवळ आला आणि म्हणाला, "मले विकून राहिले का जी?"

"मी नाही म्हनत गा," भाऊ म्हणाले आणि पुढचं वाक्य न बोलता दुपट्टा झटकत घरी गेले.

पाट लागला, डोमा गेला, भाचे आले. आणि आपण काय करून बसलो ते आमच्या गावाला पहिल्याच सरावात कळलं. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या नाही. भाच्याला चुकून पाय लागला तर पाप. आणि गावच्या लेकीची पोरं म्हणजे अख्ख्या गावाचे भाचे. टीममधला प्रत्येक गडी भोजू-तेजूचा मामा.

तेजू सरावाला चढाई करत आला. सोविंदाने झेप घेऊन त्याचे दोन्ही घोटे पकडले. घोटे हातात आल्यावर त्याला आठवलं की हे भाच्याचे पाय. त्याने तिथेच कपाळ टेकवलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याचा पाय भोजूच्या पोटरीला लागला, तर तो कान पकडून माफी मागत बसला आणि खेळ थांबला. ओरडणार कोण? चुकलास म्हणणार कोण? त्यातून रोज एका मामीकडे जेवण. वडे, सुवारी, कोंबडा. तरणेबांड भाचे मंडईपर्यंत चांगलेच गोल झाले. आम्ही मोठ्या बंदोबस्ताने दोन देव आणून टीममध्ये बसवले होते, आणि देवांना चढाई शिकवायची सोय कुणाकडेच नव्हती.

उमरटोल्याची मंडई आली. पहिलाच सामना आमचा आणि त्यांचा. सकाळी आम्ही बांधाच्या पाळीवरून पायी निघालो. पोट्टे पुढे, मी आणि हेतरामभाऊ मागे. धुकं असं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. कुठूनतरी सारस ओरडला. मला वाटलं आपणच भाऊंच्या एखाद्या स्वप्नात चालतोय.

मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. त्या दुपारी काय दिसलं होतं?"

भाऊंनी दुपट्टा अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाले, "आपल्या मंडईत डोमा जिंकला होता, शेठ. आपल्याकडून. ढाल डोक्यावर घेतली होती त्यानं. सारा गाव नाचून राहिला होता. इतका साजरा सपन मले कधी पडला नाही."

"मग?"

"मग मासी नाही बसली ना नाकावर. सपन पुढे गेला. लोक आपापल्या घरी गेले. डोमा ढाल घेऊन एकटा घरी आला. ढाल कोनाले दाखवावा तं घरात कोनी नाही. चूल थंडी. मी शेजारी हाक मारून पाहिली, तं माहाही घर बंद होता. मी नव्हतोच कुठं. मी का जनमभर पुरनार हाओ त्याले?"

"म्हणजे सपन डोमाला ठेवा म्हणत होतं, आणि तुम्ही—"

"सपन नाही म्हनत होता. मी म्हनलो."

सामन्याचं सांगण्यासारखं थोडं आहे. भोजूला दुसऱ्याच चढाईत धाप लागली. तेजू आपल्याच गावच्या मित्रांना बघून हसत राहिला. डोमा खाली बघत आला, गुडघा कटकटला, आणि आमचे तीन मामा घेऊन गेला. ढाल उमरटोल्याची झाली. गर्दीत यमुनाबाई डोक्यावरचा पदर धरून उभी होती. डोमा परत आला की प्रत्येक वेळी आधी तिकडे बघायचा. इतक्या वर्षांत डोमाला कुणाकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं. हरूनही मला बरं वाटलं.

सामन्यानंतर तो आम्हाला घरी घेऊन गेला. अंगण सारवलेलं, चूल पेटलेली. यमुनाबाई तांब्या घेऊन आली. मी गटगटा प्यालो. हेतरामभाऊंनी तांब्या कपाळाला लावला आणि परत दिला.

"घ्या ना जी," ती म्हणाली.

"नको माय. तहान नाही."

ऊन चढलं होतं, भाऊंचे ओठ सुकले होते. ताटं मांडली तर तेही जेवले नाहीत. डोमाचा चेहरा उतरला. "काऊन जी? रागावले का? हरलात म्हनून?"

"हरन्याचा का राग? ते तं रोजचाच हाये." भाऊ खाली बघत होते. "लेकीच्या गावचा पानी पीत नाहीत गा. तिले पोरसोर होईवरी."

यमुनाबाईचा म्हातारा बाप खो-खो हसला. "लेक? अवो, हा तं चाळीस वर्साचा गडी होय!" मीही हसलो. मग भाऊंकडे बघितलं आणि माझं हसू जागीच थांबलं. ते थट्टा करत नव्हते. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या सासरी मूल होईपर्यंत अन्नपाणी शिवत नाहीत. पोटी लेक नसलेल्या या माणसाने आपली लेक दिली होती, आणि तिचं घर नीट लागलंय का ते बघायला तो दिवसभर तहानलेला बसला होता.

आम्ही निघालो तेव्हा डोमाही निघाला. नवीकोरी ढाल घरात ठेवून, लंगडत, पाळीवरून आमच्या मागे. दिवस कलला होता. आमच्या गावची शीव लागते तिथे रस्त्याकडेला एक हातपंप आहे. डोमा पुढे गेला आणि दांडा धरून उभा राहिला.

"हा आपला गाव हाये ना?" तो म्हणाला. "मग प्या."

हेतरामभाऊंनी ओंजळ पुढे केली. डोमा दांडा मारत राहिला. भाऊ पीत राहिले, थांबेचनात. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, धोतर भिजत होतं, तरी डोमाने हात थांबवला नाही.