साडूपेक्षा कडक

"अहो, गाडीखाली काय शोधताय?"

"किल्ली पडली," दातांचे डॉक्टर साडूंच्या गाडीखालून म्हणाले.

"किल्ली तुमच्या हातात आहे."

"ही नाही. दुसरी."

बायकोने फाटकाकडे पाहून घेतलं. बहिणीच्या अंगणात, बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीखालून स्वतःच्या नवऱ्याचे फक्त बूट दिसत असले, की बाई फार बोलत नाही. डॉक्टर कपडे झटकत बाहेर आले. स्प्रिंग नुसती बघून ती मऊ आहे की कडक हे कळत नाही, एवढं ज्ञान मात्र त्यांना खाली जाऊन मिळालं होतं.

डॉक्टर थोरले जावई. धाकट्या जावयांचा गाद्यांचा कारखाना होता. दोन माणसांपुरती ती बुटकी, रागीट आवाजाची स्पोर्ट्स गाडी आधी डॉक्टरांनी घेतली. सहा महिन्यांत साडूंनी तशीच घेतली. वर "तुमची बघूनच घेतली हो," असंही सांगितलं. इथवर डॉक्टरांनी सोसलं असतं. पण गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देत, आणि तिथे साडू दर खेपेला दीड सेकंदाने पुढे असत. सासरे घडीच्या खुर्चीत बसून वेळेचा फलक मोठ्याने वाचत, "धाकटे जावई पहिले. थोरलेही आले."

त्या 'थोरलेही' मधला 'ही' डॉक्टरांना दाढेतल्या किडीसारखा ठणकायचा. एकदा, फक्त एकदा, सासऱ्यांच्या तोंडून आपलं नाव आधी यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय शेठ, ट्रॅकसाठी स्प्रिंगा बदलायच्या म्हणतोय. कोणत्या घ्याव्यात?"

"मऊ घ्या डॉक्टर," साडू घास गिळून म्हणाले. "ती धावपट्टी सिमेंटच्या लाद्यांची. प्रत्येक सांध्याला उंचवटा. कडक स्प्रिंग असली की गाडी उडते, चाक जमिनीला टेकतच नाही. गादीत काय नि गाडीत काय, स्प्रिंगचं काम एकच. खाली काय आहे ते वरच्याला कळू द्यायचं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि रात्रभर कूस बदलली. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'पाठीला कडकच चांगली' म्हणून कडक गाद्या विकल्या, तो मला मऊ घ्या म्हणतो? फुकट सल्ला देतो, तोही आग्रहाने? म्हणजे ह्याच्या गाडीत कडकच असणार!

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये पोचले. दोन्ही गाड्या एकाच मेकॅनिककडे जात.

"शेठच्या गाडीत कोणत्या आहेत रे?"

"एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नाही साहेब," मेकॅनिक म्हणाला. तो सगळ्यांचं सगळ्यांना सांगत असे. "मऊ आहेत."

"तुलाही पढवलंय वाटतं! तुझ्याकडची सगळ्यात कडक कोणती?"

"ही. पण ही आरशासारख्या ट्रॅकसाठी आहे. इथे..."

"घाल."

गाडी कडक झाली. इतकी, की रस्त्यात पडलेलं नाणं छापा होता की काटा, ते बसल्या जागी समजावं. पहिल्याच गतिरोधकाला बायको म्हणाली, "मी इथेच उतरते. हाडं मागून आणा." दुसऱ्याला डॉक्टरांच्या स्वतःच्या दाढेतलं सिमेंट निखळून जिभेवर आलं. आपली दाढ आपल्याला भरता येत नाही, म्हणून त्यांना समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन आ करावा लागला. त्याची खुर्ची नवीन होती, हेही तिथे आडवं पडून सोसावं लागलं.

तरी डॉक्टर खूश होते. एवढा त्रास देणारी वस्तू वेगवान असलीच पाहिजे.

रविवारी साडू घरी आले. त्यांनी डॉक्टरांच्या गाडीच्या नाकावर दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी हलली नाही.

"कडक घातल्या?"

"हो," डॉक्टर म्हणाले आणि जरासे हसले. "थोडा अभ्यास केला."

साडू त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले.

ट्रॅकचा दिवस उजाडला. सासरे खुर्ची उघडून बसले, दोघी बहिणी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. साडू आधी सुटले, थोड्या अंतराने डॉक्टर. पहिल्या वळणाच्या तोंडाशी लाद्यांचा मोठा सांधा होता. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत साडूंची गाडी त्यावरून बेडकासारखी उडली, वळायचं विसरली आणि सरळ कडेच्या खडीत जाऊन रुतली.

असा आनंद डॉक्टरांना लग्नातही झाला नव्हता. आता फक्त फेरी पुरी करायची! ते हसत हसत त्याच सांध्यावर आले.

पुढची चाकं हवेत असताना स्टिअरिंग किती हलकं लागतं, ते त्यांना प्रथमच कळलं. धूळ बसली तेव्हा शेजारच्या खिडकीत साडू होते.

डॉक्टरांनी काच खाली केली.

"शेठ, तुमच्या तर मऊ होत्या ना?"

"होत्या. सोमवारी बदलल्या."

"का?"

"तुम्ही हसलात म्हणून!" साडू कळवळून म्हणाले. "म्हटलं, शिकलेला माणूस, अभ्यास केलाय म्हणतो. ह्यांना काहीतरी सापडलंय. मेकॅनिककडून तुमच्या स्प्रिंगांचा नंबर काढला, आणि त्याहून कडक बाहेरून आणल्या. आठवडाभर मला नीट बसता येत नाहीये हो."

"म्हणजे मऊ घ्या म्हणालात, ते खरं होतं?"

"घरच्या माणसाशी खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरांना खरं तर लाज वाटायला हवी होती. ती येतही होती. पण तेवढ्यात त्यांची नजर दोन्ही गाड्यांच्या नाकांवर गेली. त्यांनी मान लांब करून पुन्हा पाहिलं. शंका नको म्हणून दार उघडून खाली उतरले, बूट खडीत बुडवत पुढे जाऊन पाहिलं. आपली गाडी चांगली हातभर पुढे होती.

तेवढ्यात ओढगाडी आली. चालकाने साखळी उतरवली आणि सरळ साडूंच्या गाडीकडे निघाला.

"अहो, पुढे मी आहे!" डॉक्टर ओरडले.

"दिसतंय की," चालक साखळी अडकवत म्हणाला. "काठाजवळची आधी निघते. तुम्ही आणखी हातभर आत गेलात, ही साखळी पोचत नाही. तुमच्यासाठी लांब साखळी आणावी लागेल. बसा तोवर."