बावन्न सेकंदांचं आकाश

वर्ना टिब्बेट्स डबा उघडून बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे डॉक्टर लिंडक्विस्ट होते. पॅसाडीनात चाळीस वर्षं लोकांचे दात उपटून निवृत्त झालेला हा माणूस आता 'नेपच्यूनची धाड' या जुन्या सिनेमाच्या चाहत्यांचं मंडळ चालवत होता.

"बाई, तुमची तपासणीची प्रत पाहिली," ते म्हणाले. "चित्र झकास आहे. आवाजही स्वच्छ आहे. फक्त यान कुठे आहे?"

"आकाशात असेल," वर्ना म्हणाली.

"आकाश आहे. यान नाही."

वर्नाने सँडविच बाजूला ठेवलं आणि सिनेमाचं त्रेचाळिसावं मिनिट लावलं. शेरीफने बोट वर केलं. न्हावी, पाद्री, शाळेतली बाई, गाडीतली दोन कुत्री, सगळं गाव माना वर करून बघत होतं. कुणी किंचाळलं, कुणी टोपी काढली. आकाश मात्र नुकतं पुसलेल्या फळ्यासारखं कोरं होतं आणि ते बावन्न सेकंद तसंच राहिलं. काम करताना वर्नाला हा प्रसंग जरा विचित्र वाटला होता, पण त्या काळचे सिनेमे असायचेच विचित्र, म्हणून तिने पुढे ढकलला होता. एक लहानसा ठिपका डावीकडून उजवीकडे जातो आणि तेच यान, असं लिंडक्विस्टांनी समजावलं, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रावरची धूळ काढायला बर्बँकच्या तिच्या ऑफिसात जो प्रोग्राम होता, तो ठिपका दिसला की खायचा. धुळीचा कुठला आणि परग्रहावरचा कुठला, हे त्याला कळत नसे. ते कळायला वर्नाला पगार होता.

बावीस वर्षं ती जुने सिनेमे धुऊनपुसून उभे करत आली होती. तिचं नाव मात्र कुठे छापलं गेलं नव्हतं. या खेपेला पहिल्यांदाच डिस्कच्या वेष्टनावर येणार होतं, आणि तेही मोठ्या अक्षरांतल्या एका वाक्याखाली: 'मूळ प्रत. काहीही काढलेलं नाही, काहीही घातलेलं नाही.' ते छापील नाव तिने स्वयंपाकघरात फ्रिजवर लावूनही ठेवलं होतं. आता त्याच वाक्याखाली नाव आणि वर रिकामं आकाश, म्हणजे धंद्यात शोभा व्हायला वेळ लागणार नव्हता.

"चूक आमचीच आहे," ती म्हणाली. "खेळाच्या आत दुरुस्त करते."

खेळ तीन आठवड्यांवर होता. शनिवारी दुपारी, पॅसाडीनाच्या जुन्या थिएटरात, मंडळाच्या दोनशे सभासदांसमोर. त्यांनी नाक मुरडलं की सिनेमा कुणी घेणार नाही, हे तिचा साहेब डुएन प्रिचेट रोज एकदा तरी सांगायचा.

वर्नाने निगेटिव्हवरून उतरवलेली अगदी पहिली, न पुसलेली प्रत काढली. त्यात धूळ हवी तेवढी होती, पण एका रेषेत चालणारा ठिपका काही सापडेना. तिने स्वतःची समजूत घातली की यान नंतर, प्रती काढताना घातलं असेल. तेव्हा तशी पद्धत होती. लिंडक्विस्टांच्या गॅरेजात टीव्हीवर दाखवलेल्या प्रतीचं एक रीळ होतं. ते त्यांनी मांडीवर घेऊन, सीटबेल्ट लावून, स्वतः आणून दिलं.

त्यात यान होतं. डावीकडून निघायचं, एकतिसाव्या सेकंदाला थबकायचं, जागच्या जागी जरा हलायचं आणि मग पुन्हा चालू लागायचं. या थबकण्याला मंडळात 'विचार' म्हणत. मानवजात दिसल्यावर परग्रहवासी क्षणभर का थांबले, यावर त्यांच्या वार्षिक संमेलनात आजवर अकरा व्याख्यानं झाली होती आणि एका लग्नाचा काडीमोडही. वर्नाने ठिपका उचलला आणि आपल्या स्वच्छ आकाशात नेमका बसवला. तिच्या जिवात जीव आला.

मग तिने डुएनला सांगितलं. सगळं नाही, फक्त यान जुन्या रिळात सापडलं एवढंच. डुएनला अर्धी गोष्ट सांगणं धोक्याचं असे, कारण उरलेली अर्धी तो स्वतः तयार करी. दुपारपर्यंत त्याने सगळीकडे कळवून टाकलं की हरवलेलं यान साठ वर्षांनी परत मिळालं आहे. संध्याकाळी तो तिच्या खोलीत आला.

"पोस्टरवर यानच टाकू या. मोठं करून दे."

"किती मोठं?"

"भिंतीएवढं."

वर्नाने ठिपका मोठा केला. मग आणखी मोठा केला. मग ती खुर्चीत मागे रेलली आणि डुएनला दार लावून घ्यायला सांगितलं.

यानाला सहा पाय होते. पुढे दोन मिशा होत्या. मागचा भाग चांगला गरगरीत होता.

"ही मुंगी आहे," डुएन म्हणाला.

"हो."

"आपण आकाशात मुंगी सोडली?"

निगेटिव्हबरोबर कागदपत्रांचं एक खोकं आलं होतं, ते वर्नाने तेव्हा कुठे उघडलं. दिग्दर्शकाच्या पटकथेत त्या प्रसंगापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'यान परवडत नाही. लोक वर बघतील. बघतच राहतील.' म्हणजे प्रोग्रामने काही खाल्लंच नव्हतं. कोरं आकाश हेच मूळ होतं. पुढे टीव्हीसाठी सिनेमा लहानशा कापडी पडद्यावर लावून त्या पडद्याचं चित्रण करून घेतलं, तेव्हा एक मुंगी त्या पडद्यावरून चालत गेली असणार. अर्ध्या वाटेत थांबून तिने मिशा हलवल्या आणि अकरा व्याख्यानांची सोय करून दिली.

वर्ना म्हणाली, "कोरं आकाश दाखवू आणि खरं सांगू."

"दोनशे म्हाताऱ्यांना सांगू, की तुम्ही जन्मभर मुंगीला घाबरलात?" डुएन म्हणाला. "मी जगभर यान सापडल्याचं कळवून बसलोय. तू पाय काढ."

"डुएन, वेष्टनावर काय लिहिलंय? आणि खाली नाव कुणाचं आहे?"

"नाव राहायला हवं असेल तर खेळ नीट पार पडला पाहिजे. पाय काढ, वर्ना."

तिने पाय काढले. बावन्न सेकंदांची बाराशे अठ्ठेचाळीस चित्रं, प्रत्येकात सहा पाय आणि दोन मिशा. प्रोग्रामला हे जमत नव्हतं; मुंगी दिसली की तो अख्खी गिळायचा. म्हणून सगळं हाताने करावं लागलं, आणि दोन आठवड्यांत तिच्या नाकी नऊ आले. मुंगी चालायला लागली की तीन पाय एकदम उचलते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, आणि जिची ती तंगडी तोडत होती तिच्याबद्दल थोडी मायाही वाटू लागली. शेवटी एक गोंडस, गुळगुळीत, निरुपद्रवी यान तयार झालं. फ्रिजवरचं नाव मात्र तिने त्याच दिवशी काढून खणात ठेवलं. त्याच्याकडे बघायची तिला लाज वाटत होती.

शनिवारी थिएटर गच्च भरलं. निवृत्त पोस्टमन, शिक्षिका, दोन न्यायाधीश, सगळे घरी शिवलेल्या चंदेरी कपड्यांत. वर्ना शेवटच्या रांगेत डुएनशेजारी बसली. त्रेचाळिसावं मिनिट आलं, शेरीफने बोट वर केलं, यान निघालं. एकतिसाव्या सेकंदाला ते थबकलं, आणि थिएटरातले दोनशे लोक एकदम हात वर करून उभे राहिले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचं एक, मिळून सहा.

मग ते हात एकेक करून खाली आले. यान पुढे गेलं, पण बघणाऱ्यांच्या माना एकमेकांकडे वळल्या होत्या.

खेळ संपल्यावर डॉक्टर लिंडक्विस्ट वही घेऊन उभे राहिले.

"टिब्बेट्सबाई, पायांचं काय केलंत?"

डुएनने खुर्चीत अंग चोरून घेतलं. वर्ना उठली. आता लपवायला काही उरलं नाही, याचं तिला भीतीपेक्षा बरंच वाटलं.

"काढले," ती म्हणाली. "डॉक्टर, ती मुंगी होती. मूळ सिनेमात यानच नाही, आकाश कोरं आहे. मुंगी मी घातली आणि तिचे पाय मीच काढले. वेष्टनावरचं वाक्य दोन्ही बाजूंनी खोटं आहे."

"मुंगी आहे हे आम्हाला एकाहत्तर सालापासून ठाऊक आहे," लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाले. "विद्यापीठातल्या माणसाला दाखवून जातही विचारून घेतली. आम्ही म्हातारे आहोत, खुळे नाही."

"मग एवढी व्याख्यानं?"

"ती का थांबली, हे कुठे कळलंय अजून?"

"पण मूळ प्रत..."

"थिएटरात हा सिनेमा चार दिवस चालला. तुमचं कोरं आकाश इथल्या एकानेही पाहिलेलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो, टीव्हीसमोर जमिनीवर बसलो होतो. ते आलं, थांबलं आणि पाय हलवले. मी महिनाभर आईच्या खोलीत झोपलो, बाई. तसा घाबरलो नाही पुन्हा कधी. बायको गेली तेव्हासुद्धा नाही." त्यांनी वही मिटली. "गुळगुळीत ठिपक्याला कोण घाबरणार?"

डुएन खालून कुजबुजत होता, की पाय पुसून टाकले असतील तर मेलो. वर्नाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बावीस वर्षांत तिने कुठल्याही सिनेमातून काढलेलं काहीही, केससुद्धा, कधी फेकून दिलं नव्हतं.

"पाय आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "सगळे. सात हजार चारशे अठ्ठ्याऐंशी."

चंदेरी कपड्यांतली एक बाई पहिल्या रांगेतून वळली.

"आणि मिशा?"

"मिशासुद्धा," वर्ना म्हणाली, आणि दोनशे जोडी हात पुन्हा वर गेले.