चेंडू नेमका कुठे लागला?

क्लबच्या खोलीत खजिनदारांनी तिसऱ्यांदा बेरीज केली आणि तिसऱ्यांदाही उत्तर तेच आलं, तेव्हा त्यांनी चूक काचेची असल्यासारखा चष्मा पुसला. मंदीने क्लबचं कंबरडं मोडलं होतं. ज्याचं नाव छातीवर लावून संघ खेळायचा तो पंपांचा कारखाना बंद पडला होता. एकेकाळी कारखान्याचा भोंगा झाला की शिफ्टच्या शिफ्ट डबे हातात घेऊन थेट मैदानावर यायची. तेच लोक आता कुंपणाबाहेर फुकटात उभे राहायचे आणि खजिनदार दिसले की ओशाळून मान वळवायचे. महिनाअखेर भाडं भरलं नाही, तर मैदानावर गोदाम उभं राहणार होतं.

"विकण्यासारखं काही आहे का रे आपल्याकडे?" त्यांनी मैदानाच्या माळ्याला विचारलं.

"आहे की. तुमचा बार."

खजिनदारांचे कान लाल झाले. एकतीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला त्यांनी मारलेली पेनल्टी गोलच्या लाकडी आडव्या बारवर आदळून परत आली होती आणि करंडक पाहुण्यांबरोबर निघून गेला होता. गावाने त्यांना माफ केलं, पण विसरलं कुणी नाही. सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "थोडा खाली का नाही मारलात?" पुढे लोखंडी गोल आले आणि तो बार अडगळीत पडला.

"वीत-वीतभर तुकडे करू," माळी म्हणाला. "जुनी मंडळी आठवण म्हणून घेतील."

स्वतःची फजिती वितीवर मोजून विकायची म्हणजे जिवावरच आलं होतं. पण क्लबसाठी त्यांनी मन घट्ट केलं. बारचे बत्तीस तुकडे झाले आणि माळ्याने आठवड्याच्या आत ते हातोहात खपवले. भाडं भरलं गेलं. मंदीतही माणसं इतकी हळवी राहू शकतात, हे बघून खजिनदारांना अगदी भरून आलं आणि त्या भरात त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना रविवारी चहाला बोलावलं. तिथेच ते फसले.

निवृत्त हेडमास्तरांनी मखमली पिशवीतून आपला तुकडा काढला. "चेंडू लागला तो नेमका भाग. माळ्याने खास माझ्यासाठी राखून ठेवला होता."

"सर, काहीतरी घोटाळा होतोय," सलूनवाला म्हणाला. "तो तर माझ्याकडे आहे."

पाच मिनिटांत टेबलावर बत्तीस तुकडे होते आणि प्रत्येकावर एक गोल काळा डाग होता. खजिनदारांनी माळ्याला कोपऱ्यात ओढलं.

"हे काय करून ठेवलंस?"

"साहेब, पहिल्याने विचारलं, चेंडू कुठे लागला? मी दाखवलं. दुसऱ्यानेही तेच विचारलं. कोरं लाकूड कुणालाच नको होतं, मग मी तरी काय करू?"

"आणि हे डाग?"

"बुटाचं पॉलिश. एका डबीत भागलं."

एव्हाना "पैसे परत करा!" असा गलका उठला होता. परत करायला पैसे होते कुठे?

हेडमास्तरांनी टेबलावर हात आपटला. "ज्याने मारला त्यालाच विचारा! सांगा, कुठे लागला?"

खजिनदारांनी चष्मा काढून हातात घेतला. "खरं सांगू? मी डोळे मिटले होते." हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मग पुन्हा मारा," हेडमास्तर म्हणाले. "तशीच पेनल्टी. बारला जिथे लागेल, त्या जागेचा तुकडा खरा. बाकीच्यांचे पैसे परत."

एकतीस जणांचे पैसे परत करायचे म्हणजे क्लबला टाळंच. पण नाही म्हणायला खजिनदारांना तोंड राहिलं नव्हतं. सगळी वरात मैदानावर गेली. प्रायश्चित्त म्हणून माळ्याला गोलमध्ये उभं केलं. खजिनदारांनी पँट दुमडली आणि चेंडू ठिपक्यावर ठेवला. गवताचा तो ओला वास आला आणि पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाची छाती चोवीस वर्षांच्या पोरासारखी धडधडायला लागली. कुंपणाबाहेरचे लोकही कुंपणाला येऊन चिकटले. या वेळी त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवले.

चेंडू बारच्या खालून, माळ्याच्या बोटांपासून हातभर लांबून, सरळ जाळीत गेला.

पहिली आरोळी फुटली ती हेडमास्तरांचीच, "गोऽऽल!" सलूनवाल्याने त्यांना कडकडून मिठी मारली. कुंपणाबाहेरचे उड्या मारून आत आले. खजिनदारांना खांद्यावर घेतलं तेव्हा ते हसत होते आणि चष्म्याखालून रडतही होते. एकतीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि ते एकट्याचं नव्हतं, हे त्यांना आज कळत होतं. पैशांचं नाव कुणी काढलं नाही.

गर्दी पांगल्यावर हेडमास्तर हळूच जवळ आले. "ही जाळी... विकणार असालच ना? चेंडू नेमका कुठे अडकला तेवढी एक चौकट मला हवी."

या वेळी खजिनदारांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी बोट करून जागा दाखवली.

मागोमाग सलूनवाल्याने तेच विचारलं. खजिनदारांनी आधी हेडमास्तर लांब गेल्याची खात्री करून घेतली, आणि मग त्याला शेजारची चौकट दाखवली.